हरकत नाही, पण आपत्ती आहे

पुण्यातल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या रुग्णालयात शिरलं की समोर डॉक्टरांची पाटी असते. हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सगळ्यांत शेवटी, जरा अंग चोरून, भूलतज्ज्ञ. आपण ती पाटी इतक्यांदा वाचलेली असते की तिच्यात काही वावगं आहे असं मनातही येत नाही. हिंजवडीजवळच्या आमच्या सोसायटीत कानपूरहून मुलाकडे राहायला आलेले एक काका हर्नियाच्या ऑपरेशनसाठी अशाच एका रुग्णालयात गेले आणि पाटीपुढेच खिळून राहिले. हिंदीत भूल म्हणजे चूक. चुका करणारे डॉक्टर काकांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण त्याच विषयात पदवी घेऊन ती पाटीवर मिरवणारा त्यांना प्रथमच भेटत होता. तेवढ्यात परिचारिका आली आणि आपल्या खास मराठी हिंदीत धीर देत म्हणाली, "घाबरने का नहीं काका. पहले भूल देंगे, फिर ऑपरेशन करेंगे." काकांनी नंतर या शिस्तीचं फार कौतुक केलं. म्हणाले, कानपूरला आधी ऑपरेशन करतात, आणि भूल मागाहून बाहेर पडते.

याची परतफेड दिल्लीत झाली. साताऱ्याकडच्या एक आजी लेकाकडे गेल्या होत्या. थकवा येतो म्हणून सुनेनं तपासणीला नेलं. आजी खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पांढऱ्या कोटातला एक पोरगा सुई घेऊन आला आणि हसतमुखानं म्हणाला, "माताजी, आपका खून लेना है. बस, दो मिनट लगेंगे." आजींना खुनापेक्षा ते 'दो मिनट' जास्त लागलं. माणसाला संपवायचं तर निदान पाच मिनिटं तरी द्यावीत. दुसऱ्या दिवशी अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "माताजी में खून की कमी है." आजी म्हणाल्या, आमच्या घराण्यात पहिल्यापासून कमीच आहे, एक चुलत सासरे होते, पण तेही पुराव्याअभावी सुटले.

परकी भाषा माणसाला फसवत नाही. जपानी माणूस बोलायला लागला की आपण सरळ हात वर करतो आणि दुभाष्या शोधतो. हिंदीपुढे मात्र मराठी माणूस कधीही हात वर करत नाही. हिंदी म्हणजे शेवटी 'है' लावलेली मराठी, अशी त्याची बालपणापासूनची पक्की समजूत असते, आणि गंमत म्हणजे उत्तरेकडच्या माणसाचीही मराठीविषयी अगदी तीच समजूत असते, फक्त 'आहे'ची. लिपी तीच, अक्षरं तीच, शब्दही ओळखीचे. त्या ओळखीतच सगळा घात आहे. अनोळखी माणसाला आपण घरात घेताना दहा प्रश्न विचारतो. ओळखीचा दिसला की 'या बसा' म्हणतो आणि नंतर कळतं, हा तो नव्हेच, त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कोणीतरी.

खुनाचंच घ्या. शब्द फारसी, अर्थ रक्त. हिंदी-उर्दूत तो रक्त म्हणूनही नांदतो आणि हत्या म्हणूनही. मराठीत मात्र तो फक्त हत्येपुरता उरला. याचं कारण मला असं दिसतं की फारसी मराठीत आली ती बहामनी, आदिलशाही, निजामशाही अशा राजवटींच्या कचेऱ्यांतून. उत्तरेत ती गप्पांत, गाण्यांत, प्रेमपत्रांत सांडत राहिली. आपल्याकडे ती वसुली, फिर्याद आणि पंचनामा यांच्याबरोबर आली. खून हा शब्द मराठी माणसाला पहिल्यांदा वैद्यानं सांगितला नसणार, कोतवालानं सांगितला असणार. 'तक्रार'चंही तसंच. मुळात अरबीत तकरार म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. हिंदीत तिचं भांडण झालं आणि आपल्याकडे तिची पेटी झाली, कुलूप असलेली. सरकारी कार्यालयात ज्यानं एकदा तरी तक्रार केली आहे त्याला मूळ अरबी अर्थ किती अचूक आहे ते वेगळं सांगायला नको.

संस्कृतातले शब्द तर आणखी बेरकी. त्यांच्यावर संशयच घेता येत नाही. संसार हा शब्द हिंदीत साऱ्या विश्वाएवढा आहे; मराठीत तो दोन खोल्या, एक कुकर आणि नळाला पाणी यायची वेळ यांत मावतो. हिंदी साधूनं संसार सोडला म्हणजे त्यानं चराचराकडे पाठ फिरवली. मराठी माणसानं सोडला की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, मग बायको कुठे असते आता? गर्व आणि अभिमान या जोडीनं तर चक्क जागांची अदलाबदल केली आहे. हिंदीत देशाचा 'गर्व' वाटतो आणि 'अभिमान' हा दुर्गुण असतो. आपल्याकडे अभिमान बाळगायचा असतो आणि गर्वाचं घर खाली असतं. यातला 'खाली'देखील हिंदीवाल्याला रिकामा वाटतो, म्हणजे गर्वाच्या घरात कोणी राहत नाही, भाड्यानं मिळेल.

बंगाल्यांनी अभिमानाचं आणखी तिसरंच केलं. त्यांच्याकडे अभिमान म्हणजे ज्याच्यावर माया आहे त्याच्यावरच रुसून बसणं. 1973 सालचा 'अभिमान' हा चित्रपट पाहताना मला नेहमी वाटतं की हृषीकेश मुखर्जींनी हे नाव मोठ्या धूर्तपणानं ठेवलं. अमिताभला जो होतो तो हिंदी अभिमान, जयाला होतो तो बंगाली. मराठी अभिमान त्यात कोणालाच होत नाही. तो होत असावा प्रेक्षागृहातल्या मराठी माणसाला, 'आपल्या लताबाई गायल्या आहेत' म्हणून. बंगाली आणि मराठी या दोन टोकांच्या भाषांचं मधूनच एकमत होतं तेही मजेदार. राग म्हटल्यावर हिंदी माणूस यमन की भैरव विचारतो. कोलकात्याचा आणि कोल्हापूरचा माणूस मात्र दोन पावलं मागे सरतो. पण या एकमतावर विसंबून पुढे जावं तर 'चेष्टा' आडवी येते. एका मराठी साहेबांच्या हाताखाली बंगाली अभियंता होता. काम शुक्रवारपर्यंत होईल का असं विचारलं की तो पोटतिडकीनं म्हणायचा, "चेष्टा कोरबो." बंगालीत याचा अर्थ कसून प्रयत्न करीन. साहेब म्हणायचे, प्रामाणिक आहे हो पोरगा, आधी सांगून करतो.

नात्यांच्या शब्दांची गंमत अनुभवायची तर पुण्याहून हावड्याला जाणाऱ्या आझाद हिंद एक्सप्रेससारखी दुसरी जागा नाही. गाडी नागपूर सोडेपर्यंत डब्यात तीन-चार भाषा स्थिरावलेल्या असतात. एखादी मराठी मुलगी समोरच्या चाळिशीच्या गृहस्थाला अदबीनं म्हणते, "दादा, जरा सरकता का?" गृहस्थ बंगाली असेल तर खुशीनं सरकतो, कारण त्याच्याकडेही दादा म्हणजे थोरला भाऊच. पण तो बिलासपूरला उतरणारा असला तर सरकण्याआधी खिडकीच्या काचेत स्वतःचे केस बघून घेतो. त्याच्याकडे दादा म्हणजे आजोबा, वडिलांचे वडील. 'ताई'चं वय तर प्रदेशागणिक वाढतं. मराठीत थोरली बहीण, हिंदीत वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, आणि कन्नडमध्ये तायी म्हणजे साक्षात आई. त्यामुळे ज्या बाईला पुण्यात ताई म्हटल्यावर ती भाजीत दोन मिरच्या जास्त घालते, तीच हाक लखनौच्या बाजारात मारली तर भाव वाढतो. नाना हिंदीत आईचे वडील. गुजरातीत नाना म्हणजे लहान. मराठीत नाना कुठल्याही वयाचा असू शकतो, फक्त त्याला सगळ्या विषयांतलं कळत असावं लागतं. गुजराती दुकानातला 'मोटाभाई' काटकुळा असतो आणि त्याच्या 'नाना भाई'चं पोट गल्ल्याला लागत असतं, यावर मुंबईकर आता हसतही नाहीत. अमृतसरचा माणूस आदरानं 'भाजी' म्हणतो तेव्हा मात्र मराठी माणसाला अजून कसंतरी होतं. आदर दाखवायचाच होता तर निदान पुरणपोळी तरी म्हणायचं.

गुजरातीचा विषय निघालाच आहे तर 'जमण्या'बद्दल बोललंच पाहिजे, कारण तिथे आपले लाखाचे व्यवहार अडले आहेत. आपल्याकडे जमणं म्हणजे साधणं, पटणं, शक्य होणं. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं. आता सुरतेच्या पेढीवर गेलेला एखादा मराठी कापडविक्या डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून भावाची घासाघीस चालू आहे. दुपारी एकच्या सुमाराला शेठ प्रेमानं विचारतात, "जम्या?" हा म्हणतो, अजून नाही, पण पाच रुपये कमी करा, लगेच जमेल. शेठ चक्रावतात. जेवणावर सूट मागणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नसतं. तरी ते उठतात, हात धरतात, "चालो, जमवा." आता मराठीत जमवा म्हणजे गोळा करा. याला वाटतं मागची उधारी मागताहेत. तो हात सोडवून घेत ठाम आवाजात सांगतो, "नाही शेठ, आज जमणार नाही." दारी आलेला पाहुणा अन्नाला नाही म्हणाला, हे शेठच्या मनाला लागतं आणि तागे पुन्हा फळीवर जातात.

त्याच गावात राहायला गेलेल्या एका मराठी कुटुंबाची डाळीची कथाही ऐकण्यासारखी आहे. गुजराती डाळीत गूळ असतो, आणि सुरुवातीला तो आपल्या जिभेला झेपत नाही. गृहस्थांनी डबा देणाऱ्या बेनना मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं, डाळमां मीठुं वधारे छे. त्यांना म्हणायचं होतं गोड जास्त आहे. पण गुजरातीत मीठुं म्हणजे गोडही आणि मीठही, आणि वाक्यात असं बसवलं की मीठच. बेननी दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं. मीठ कमी झाल्यावर गूळ जो मोकळा सुटला तो आवरेना. गृहस्थांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा कळकळीनं. आठवडाभरात डाळीचा सुधारस झाला.

स्वयंपाकघरातून बाहेर पडताना पीठ आणि पाठ यांच्याकडे एक नजर टाकायला हवी. हिंदीत पीठ दुखते आणि पाठ शिकतात. मराठीत पाठ दुखते आणि पीठ दळतात. कोपऱ्यावरच्या गिरणीत 'येथे पीठ दळून मिळेल' अशी पाटी आहे. कानपूरच्या काकांची सून दोन तास कंपनीच्या बसमधून खड्डे खात येते आणि ती पाटी वाचून पुढे जाते. तिला ही सेवा घरपोच मिळालेली असते.

दक्षिणेकडे वळलं की शब्द कानाला फसवतात. सोलापुराकडून कर्नाटकात शिरलेल्या माणसाला पहिला यजमान विचारतो, "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवण झालं का. आपल्याला ऐकू येतं 'उठा, आयता!' आणि फुकट जेवायला आल्याचा हा उल्लेख पहिल्याच मिनिटाला व्हावा याचं वाईट वाटतं. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, आणि महाविद्यालयात व्याख्याता असतो तो उपन्यासक. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. आपण आणि कानडी मंडळी कादंबरीला कादंबरीच म्हणतो, बाणभट्टाच्या एका नायिकेचं नाव आपण दोघांनी मिळून साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकलं आहे. तेव्हा धारवाडच्या आयोजकांनी एखाद्या हिंदी लेखकाला उपन्यासासाठी बोलावलं तर तो चारशे पानांचं बाड घेऊन येईल आणि समोर श्रोते चाळीस मिनिटांच्या तयारीनं बसलेले असतील. अर्थात काही प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकल्यावर कानडी लोकांनी हा शब्द अगदी विचार करून निवडला असावा असं वाटतं.

आणि हे सगळं परप्रांतीयांशीच घडतं असंही नाही. मालवणीत मुलाला झील म्हणतात. कुडाळची म्हातारी मुंबईच्या गाडीत शेजारणीला कौतुकानं सांगते, माझो झील मुंबयत आसा. शेजारीण भोपाळची. तलावांच्या गावची असल्यानं तिला झील या विषयात गती असते. ती विचारते, "कितनी गहरी है?" म्हातारी म्हणते, मोप शिकलो हा.

दिल्लीहून येणाऱ्या बातम्या मराठी मनानं ऐकणं हा माझा रोजचा विरंगुळा आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला बातमी येते की केदारनाथचे कपाट उघडणार, आणि भाऊबीजेला येते की ते बंद झाले. हिंदीत कपाट म्हणजे दार. आपल्या डोळ्यांपुढे मात्र लोखंडी कपाट येतं, आरशाचं, आणि त्यात सहा महिने ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यांना आता कसा वास येत असेल असा विचार येतो. संसदेत संविधानाचं 'संशोधन' चालतं. आपल्याकडे संशोधन म्हणजे पीएच.डी.चं काम, त्यामुळे खासदारांनी आजवर शंभरावर संशोधनं पुरी केली हे ऐकून भाबडा मराठी माणूस भारावून जातो. उलट आपण 'घटनादुरुस्ती' म्हणतो तेव्हा हिंदी माणसाला वाटतं, घडून गेलेली घटना हे लोक मागे जाऊन दुरुस्त करतात. 2020 मध्ये केंद्रात शिक्षा मंत्रालय आलं, त्यावरचे विनोद शाळेतल्या पोरांनी करून संपवले आहेत, तिथे मी हात घालत नाही. पण 2005 सालचा 'सूचना का अधिकार' सोडवत नाही. त्यांची सूचना म्हणजे आपली माहिती, आणि आपली सूचना म्हणजे 'चपला बाहेर काढा, बेल एकदाच वाजवा'. हा अधिकार देशाला मिळावा म्हणून कायदा करावा लागला. पुण्यात तो पेशवाईपासून होता.

परवा, म्हणजे होऊन गेलेल्या परवा, सोसायटीची सभा झाली. ('परवा' ऐकून वरच्या मजल्यावरचे लखनौचे वकीलसाहेब दर वेळी विचारतात, किसकी परवाह?) सचिव आमचे साताऱ्याचे, जुन्या वळणाचे, आणि सभा सगळ्यांना कळावी म्हणून हट्टानं हिंदीत चालवणारे. पहिला विषय पार्किंगचा. वकीलसाहेब म्हणाले, "आधी पार्किंग तो खाली है." सचिव म्हणाले, पार्किंग खाली ही रहेगा, आधी हो या पूरी, ऊपर कैसे जाएगा? मग सचिवांनी मूळ दुखणं मांडलं, "शाम को बच्चे नीचे बहुत दंगा करते हैं." वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे दंगा झाला की संचारबंदी लागते. इथे आठ-दहा वर्षांची पोरं रोज संध्याकाळी दंगल करतात आणि हे लोक थंडपणे सभेत सांगतात!

सचिवांनी ठराव वाचला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "किसी को कुछ हरकत?" सभा शांत. वकीलसाहेब ताडकन उठले. "देखिए, हम खानदानी लोग हैं. हमारे यहाँ कोई ऐसी-वैसी हरकत नहीं करता." सचिव खूश. म्हणाले, म्हणजे तुमची हरकत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "हरकत नहीं, मगर मुझे आपत्ति है." सचिवांचा आवाज एकदम मऊ झाला. आपत्ती म्हटल्यावर मराठी माणूस माणुसकीला जागतो. "अरेरे! कब आयी? घर में सब ठीक है ना?" वकीलसाहेबांना हा टोमणा वाटला. शब्दाला शब्द वाढला. सचिव म्हणाले, जो कुछ तक्रार है वो मेरे पास लेके आओ, एक-एक करके, लिखके. वकीलसाहेब म्हणाले, तुमच्याशी तकरार करायला लोक रांग लावून लेखी येतील काय? सचिव म्हणाले, येतात, दर रविवारी दहा ते बारा.

शेवटी सचिवांचा संयम सुटला. त्यांनी टेबलावर वही आपटली आणि घोषणा केली, "बस झालं. मैं राजीनामा दे रहा हूँ." आणि तिथल्या तिथे कागद ओढून लिहायला बसले. आम्ही मराठी मंडळी गंभीर झालो. सचिव पदाला दुसरा माणूस मिळत नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. उत्तरेकडच्या कोर्टात राज़ीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजीखुशीनं केलेली तडजोड. ते टाळ्या वाजवत पुढे आले, सचिवांना त्यांनी मिठी मारली, "बड़प्पन इसे कहते हैं" असं तीनदा म्हणाले, कागदावर साक्षीदार म्हणून स्वतः सही केली, कानपूरच्या काकांची घेतली, आणि खाली जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सचिवांना पेढा भरवल्यावर पुढे काय बोलायचं ते कोणालाच सुचलं नाही. राजीनाम्याच्या दोन प्रती काढण्यात आल्या, एक या पक्षाला आणि एक त्या पक्षाला. त्यामुळे सचिव अजून सचिवच आहेत. पुढची सभा रविवारी आहे. विषय पहिला: पार्किंग खाली करणे.